जर्मनीतली पहिली महिला पायलट कोण होती?
मेली बेझे. पहिल्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक रिख्टहोफेन ('रेड बॅरन') सगळ्यांना माहीत असतो पण हिचं नाव कोणी घेत नाही याचं खरंच वाईट वाटतं. 1886 चा जन्म, ड्रेस्डेनजवळचा, स्टॉकहोमला शिल्पकला शिकली आणि मग विमानाचं वेड लागलं ते कायमचंच. बर्लिनच्या योहानिस्थाल एअरफिल्डवर बाई विमान उडवणार हे तिथल्या पुरुषांना सहनच होईना, टाकीतलं पेट्रोल काढून टाक, स्पार्क प्लगशी छेडछाड कर असले प्रकार केले, म्हणजे सरळ जिवाशी खेळ! तरी 13 सप्टेंबर 1911 ला, पंचविसाव्या वाढदिवशीच, तिने 115 नंबरचं लायसन्स मिळवलंच. पुढे स्वतःचं फ्लाइंग स्कूल काढलं, विमानंसुद्धा डिझाइन केली. पण नवरा शार्ल बुतार फ्रेंच, त्यामुळे 1914 ला युद्ध पेटलं तशी ती स्वतःच्याच देशात शत्रू ठरली आणि उडणं बंद झालं. त्यातून ती सावरलीच नाही, 1925 मध्ये वयाच्या 39 व्या वर्षी तिने आत्महत्या केली.