समीक्षक सुचवतात, ठरवतो संपादक

शोधनिबंध जर्नलला पाठवल्यावर पुढे काय होते, याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : निबंध पाठवून सात आठवडे झाले. पोर्टलवर आधी 'विथ एडिटर', मग 'अंडर रिव्ह्यू' आणि आता परत 'विथ एडिटर' दिसते. नाकारणार असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नका. बऱ्याच पोर्टलांवर समीक्षकाने, म्हणजे निबंध तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञाने, होकार कळवला की 'अंडर रिव्ह्यू' उमटते. त्याने नंतर अंग काढून घेतले, किंवा मुदत उलटल्यामुळे संपादकाने त्याला वगळले, की गाडी मागच्या स्टेशनावर येते. समीक्षण हे बहुतांशी बिनपैशाचे काम. दोन होकारांसाठी सहा-आठ जणांना विचारावे लागणे संपादकांच्या अंगवळणी पडले आहे. तीन महिने उलटले तर निबंधाचा क्रमांक देऊन दोन ओळींची मेल करा. दर आठवड्याला विचारून काही हलत नाही.

समीक्षकांची नावे सुचवा असे पोर्टल म्हणते, तिथे मात्र आळस नको. चार-पाच नावे द्या. सहलेखक, मार्गदर्शक किंवा आपल्याच संस्थेतले कोणी नकोत, आणि मेलचा पत्ता त्यांच्या संस्थेचा हवा. फुकटच्या खात्यांकडे संपादक संशयाने बघतात ते उगाच नव्हे. 2017 मध्ये 'ट्यूमर बायॉलॉजी' या जर्नलमधले 107 निबंध बनावट मेल-पत्त्यांवरून झालेल्या खोट्या समीक्षणामुळे एका झटक्यात मागे घेतले गेले.

प्रश्न : चौथ्याच दिवशी नकार आला. निबंध समीक्षकांकडे गेलाच नाही. कोणी वाचला तरी असेल का?

उत्तर : शीर्षक, सारांश, कव्हर लेटर (निबंधासोबत संपादकाला लिहिलेले पत्र) आणि आकृत्या नक्कीच पाहिल्या असतील, आणि 'डेस्क रिजेक्शन'ला, म्हणजे संपादकाच्या टेबलावरूनच नकाराला, तेवढे पुरते. विषय जर्नलच्या कक्षेत न बसणे हे नेहमीचे कारण. दुसरे, माणसांवर अभ्यास करूनही नीतिसमितीच्या मंजुरीचा उल्लेख नसणे. तिसरे, साम्य-तपासणी, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणे. तिथे टक्क्यांपेक्षा मजकूर कुठे जुळला हे महत्त्वाचे : पद्धतीच्या वर्णनातले थोडे साम्य खपते, निष्कर्षातले खपत नाही. कव्हर लेटरमध्ये सारांशच पुन्हा चिकटवू नका. या जर्नलच्या वाचकाला यात नवे काय, ते तीन वाक्यांत सांगा. चौथ्या महिन्यापेक्षा चौथ्या दिवशीचा नकार परवडला, लगेच दुसरीकडे पाठवता येते. पण एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी पाठवल्याचे उघड झाले की दोन्हीकडून बाद.

प्रश्न : 'मेजर रिव्हिजन' (मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा) असे उत्तर आले आहे. पहिला समीक्षक म्हणतो चर्चा निम्मी करा, दुसरा म्हणतो आणखी चार मुद्दे घ्या. कोणाचे ऐकू?

उत्तर : संपादकाचे. त्याचे निर्णयपत्र पुन्हा वाचा. त्याने स्वतः उचलून धरलेला मुद्दा टाळता येत नाही. तिथे काहीच नसेल तर एक बाजू निवडा आणि दोन्ही समीक्षकांना एकच कारण द्या. एकाला दिलेले उत्तर दुसराही वाचू शकतो.

उत्तरपत्रात प्रत्येक टिप्पणी जशीच्या तशी उतरवा आणि तिच्याखाली आपले म्हणणे लिहा. समजा टिप्पणी आहे, 'नमुन्यात फक्त 24 जण का?' त्यावर 'सूचनेनुसार सुधारणा केली' हे उत्तर कुचकामी. असे लिहा : 'नमुना लहान आहे हे मान्य. आता तो वाढवणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक निकालासोबत 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला आहे (पान 7, ओळी 142 ते 149) आणि "सिद्ध होते" ऐवजी "सूचित होते" असे केले आहे (पान 12, ओळ 263).' संपादक शेजारी फाइल उघडून ओळ 142 शोधतो आणि तिथे भलतेच वाक्य सापडले की वैतागतो. ओळींचे आकडे जुन्या मसुद्यातले राहणे ही फार नेहमीची चूक, म्हणून ते सगळ्यात शेवटी भरा आणि कोणत्या प्रतीतले आहेत तेही सांगा.

पटले नाही तर कारण देऊन नकार द्या. एखादा मुद्दा नाकारल्याने निबंध सहसा जात नाही, टिप्पणी गाळली तर जाऊ शकतो. आणि एकाच लेखकाचे पाच संदर्भ घाला असा आग्रह असेल, तर विषयाला धरून असलेलेच घ्या आणि बाकीचे संपादकाला वेगळे कळवा.

प्रश्न : 'डबल ब्लाइंड'साठी (लेखक आणि समीक्षक यांना एकमेकांची नावे कळू नयेत म्हणून) नाव काढले, तरी फाइल परत आली.

उत्तर : फाइलच्या प्रॉपर्टीजमधला 'ऑथर'चा रकाना आणि कडेच्या शेऱ्यांवरची नावे तपासा. 'आमच्या आधीच्या अभ्यासात' हेही ओळख देते, तिथे तृतीयपुरुषी लिहा. आभार आणि अनुदानाचा क्रमांक वेगळ्या शीर्षकपानावर जातो.

प्रश्न : प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) 48 तासांत मागितले आहे. त्यात वाक्ये सुधारता येतील का?

उत्तर : वाक्यांना हात लावू नका. लेखकांची नावे, संस्था, तक्त्यांतली दशांशचिन्हे, ग्रीक अक्षरे आणि आकृत्यांखालच्या ओळी बघा. म्यूच्या जागी साधा एम पडला की मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. ही चूक छापल्यावर लक्षात आली, तर मूळ निबंधाला जोडलेले स्वतंत्र शुद्धिपत्र काढावे लागते.