गावाकडे खेळणाऱ्या मुलांचे नैसर्गिक फोटो कसे काढावेत? कॅमेरा दिसला की ती पोझ देतात.

मग देऊ द्या पोझ. पहिले दहा-पंधरा फोटो त्या रांगेचेच काढा, मनापासून काढा आणि प्रत्येकाला स्क्रीनवर त्याचा चेहरा दाखवा. बरेच जण झाडाआडून, लांबून झूम करून काढा म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. लपलेला माणूस पोरांना लगेच दिसतो आणि गावालाही खटकतो. समोर बसून राहिलात तर अर्ध्या तासात त्यांना तुमचा कंटाळा येतो, कुणीतरी "डाव कुणावर हाय?" म्हणून ओरडतं आणि खेळ पुन्हा सुरू होतो. तुमचं काम तिथून पुढे.

मी साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला, दर मे महिन्यात गावी असतो. एवढ्या वर्षांत एक कळलं: खेळ माहीत नसेल तर फोटो मिळत नाही. विटीदांडूच घ्या. नवखा माणूस कॅमेरा धरतो तो दांडूवाल्या पोरावर. पण गल्लीवर, म्हणजे जमिनीत खणलेल्या छोट्या खळीवर, आडवी ठेवलेली विटी कोलताना, म्हणजे दांडूनं लांब उडवताना, ते पोरगं वाकलेलं असतं, तोंड जमिनीकडे. हाती लागते ती नुसती पाठ. खरं चित्र समोर असतं. झेल घ्यायला थांबलेली चार-पाच पोरं, माना वर, तोंडं उघडी, एकानं तर सदऱ्याचा ओचा पसरलेला. विटी कोलायच्या आधीच फोकस त्यांच्यावर ठेवा.

आणि मोजणीपर्यंत थांबा. दांडूनं अंतर मोजताना आमच्याकडे अजून वकट, लेंड, मूंड, नाल असंच म्हणतात. हे तेलुगूतले आकडे आहेत: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. ज्यांनी तेलुगू कधी कानानं ऐकली नाही त्या पोरांच्या तोंडी ते खेळामुळे टिकलेत, याचं मला दरवेळी नवल वाटतं. मोजणीत भांडण ठरलेलं, आणि भांडताना कॅमेऱ्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

लगोरीतही तसंच. चेंडू मारतानाचा फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा पडलेल्या चिपा घाईघाईनं रचणारं पोरगं बघा. हात चिपांवर आणि डोळे चेंडू कुठून येतोय तिकडे.

कॅमेरा साधा असला तरी चालतो, मोबाईलही चालतो. शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा, मोबाईल असेल तर बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो काढायची सोय, वापरा. उकिडवे बसा, उभ्यानं काढलात तर नुसती डोकी येतील. दुपारच्या उन्हात चेहरे काळवंडतात. गुरं घरी यायच्या वेळी सूर्य पोरांच्या मागे ठेवा, पायांनी उडालेली धूळ सोन्यासारखी दिसते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काही वर्षांपूर्वी मी एका पोराचा टायर पळवतानाचा फोटो इंटरनेटवर टाकला. खांद्यावर उसवलेला शर्ट, अनवाणी पाय. लोकांनी 'निरागस', 'गरिबीतलं सुख' असं काय काय लिहिलं. कुणीतरी तो त्याच्या आईला दाखवला. ती मला पारावर भेटली तेव्हा रागावली नव्हती, तिला लाज वाटत होती. म्हणाली, "नवी कापडं हायती की त्याला. सांगितलं असतं तर घातली असती." मी तिथंच तो फोटो काढून टाकला. पोरगं खेळायला जुनाच शर्ट घालणार, हे मला माहीत होतं. बघणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि मी ते लिहिलंही नव्हतं.

तेव्हापासून आईबापाला फोटो दाखवून विचारल्याशिवाय मी काही टाकत नाही. विहिरीत उघडी पोहणारी पोरं तर कधीच नाहीत. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवतो आणि गणवेशावर शाळेचं नाव दिसत असेल तर तो फोटो घरच्यांपुरताच.

दिवाळीला जाताना सगळ्यांचे फोटो छापून नेतो, पोस्टकार्डाएवढे. त्या माऊलीला दोन दिले, एक नव्या कपड्यातला आणि एक टायरचा. नव्या कपड्यातला तिनं देवळीत ठेवला. टायरचा पोरानं मागून घेतला आणि लगेच मित्राला दाखवून सांगायला लागला, "हितं मी तुज्या फुडं हुतो, बघ."