किनाऱ्यालगतच्या शाळेचा गंजलेला ध्वजस्तंभ: वेल्डिंग करून चालेल की बदलावा?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात मोरजीजवळच्या तुमच्या शाळेचा वीस फुटी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपचा ध्वजस्तंभ तीसेक वर्षांचा आहे, चौथऱ्यापाशी गंजलाय, हात लावला की हलतो. पालक-शिक्षक संघात काही जण म्हणतात, बाहेरून पट्टी वेल्ड करून रंग दिला की भागेल. म्हापशाला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, शाळांचे असे खांब मी बदललेत. वेल्डिंगवर पैसे घालवू नका. खांब बदलाच.

हा खांब कुजतो तो घोट्यात. पाईप काँक्रीटमध्ये शिरतो तिथे केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी आणि खाऱ्या वाऱ्यातलं मीठ तिथेच मुरतं. वरचं तोंड उघडं असेल तर चार महिने पाणी आतूनही उतरतं आणि बुडाशी साचतं. बाहेरचा गंज दिसतो, आतला दिसत नाही, आणि पट्टी वेल्ड करायला चांगलं लोखंडच उरलेलं नसतं.

पेडणे तालुक्यातल्या एका शाळेने १४ ऑगस्टच्या संध्याकाळी मला दोरी अडकली म्हणून बोलावलं होतं. खांबाला नुकताच रुपेरी रंग दिलेला. छातीच्या उंचीवर हातोडी मारली तर टण्ण वाजला, चौथऱ्याच्या चार बोटं वर मारली तर फुटक्या मडक्यासारखा आवाज. तिथे स्क्रूड्रायव्हर दाबला तो आरपार गेला आणि भोकातून काळं पाणी वाहायला लागलं. ध्वजसंहितेप्रमाणे मुलं चौकोनाच्या तीन बाजूंना उभी राहतात, चौथ्या बाजूच्या मध्यावर खांब, आणि मुख्याध्यापक त्याच्यापासून फक्त तीन पावलांवर. आम्ही रात्रीच तो खांब उतरवला, पोफळीचा सरळ वासा पुरला आणि सकाळचं ध्वजवंदन त्यावर झालं. तुमच्याकडेही तोवर हाच मार्ग धरा; हलत्या खांबाची दोरी कुणाला ओढू देऊ नका.

नवा खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. चौथऱ्याखाली निदान तीन फूट खोल पाया घ्या, त्यात फाउंडेशन बोल्ट बसवा आणि खांबाची बेसप्लेट (बुडाला वेल्ड केलेली जाड पत्र्याची बैठक) जमिनीच्या वर, बोल्टवर घट्ट बसवा. पाय कोरडा राहतो, रोज नजरेस पडतो. त्यातही बिजागरीचा पाय केलात तर एक बोल्ट काढून खांब आडवा करता येतो, म्हणजे कप्पी बदलायला कुणाला वर चढवावं लागत नाही. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच एका गोष्टीचा आहे.

समुद्र इतका जवळ असेल तर परवडल्यास ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्यावर चहासारखे तपकिरी डाग येतात. तेवढं बजेट नसेल तर जाड जीआय पाईप चालेल, मात्र वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे झिंकचा प्रायमर हवाच. वरचं तोंड गोळा बसवून बंद करा, बुडाशी निचऱ्याचं भोक ठेवा. कप्पी पितळी घ्या. वीस फुटांना १३५० × ९०० मिमीचा ध्वज शोभतो. त्याहून मोठा घेतला तर वाऱ्याचा ताण खांबावर येतो.

जागा ठरवताना आधी वर बघा. खांब उभा करताना वा आडवा करताना विजेच्या तारेला लागला तर धरणारी माणसं जागीच जातात. तार जवळून जात असेल तर चौथराच दुसरीकडे घ्या, जुना कितीही चांगला असो.

काम चतुर्थी-दसऱ्यानंतर पाऊस सरला की काढा. ऑक्टोबरअखेर पाया भरलात तर काँक्रीटला अठ्ठावीस दिवस मिळतात आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनाचा ध्वज नव्या खांबावर चढतो. शाळा सरकारी असेल तर खात्याला आधी लेखी कळवा.

त्यानंतर दर मे महिन्यात, शाळा उघडण्याआधी, नायलॉनची दोरी बदला (उन्हाने ती कमकुवत होत जाते), बोल्ट पाना लावून तपासा, आणि खांब गोड्या पाण्याने धुऊन पुसा. हातोडीही एकदा मारून बघा.