कातळातल्या भेगा आणि अणुकचरा

प्रश्न : फिनलंडमध्ये वापरलेले अणुइंधन खोल कातळात कायमचे पुरले जाणार आहे, असे वाचले. एवढ्या कठीण खडकातून भूजल तिथवर पोहोचेल का?

उत्तर : पोहोचते, कारण कातळ अखंड नसतो. ओल्किलुओटो बेटावरील ओंकालो भांडारात, सुमारे ४३० मीटर खोलीवर, पाणी वाहते ते प्रामुख्याने भेगांतूनच. आणि भेगेची रुंदी दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह आठपट होतो. म्हणून पाणी वाहून नेणाऱ्या भेगा टाळूनच इंधनाचे डबे पुरायच्या विवरांच्या जागा ठरवाव्या लागतात. इंधन ठेवलेल्या तांब्याच्या डब्याभोवती बेंटोनाइट माती ठासतात. ओल लागताच ती फुगते आणि पाण्याची वाट बुजवते. तरीही मला या मातीपेक्षा भेगांचा काटेकोर नकाशाच अधिक मोलाचा वाटतो, कारण तांबे गंजवणारे सल्फाइडही पाण्याबरोबर त्याच वाटेने येते.