एक ‘चार्ज’, पाच प्रश्न

ऑफिसच्या मेलमध्ये रिक्षा, वकील, कुरिअर सगळ्यांच्या पैशांना मी ‘चार्जेस’च लिहिते. चालेल? (वाशी)
अर्थ पोचतो, पण इंग्रजी कच्चं दिसतं. रिक्षा, बस, लोकलचं भाडं म्हणजे ‘फेअर’. वकील, डॉक्टर, क्लास यांची ‘फी’. वस्तूची ‘प्राइस’. सेवेपोटी आकारतात तो ‘चार्ज’: डिलिव्हरी चार्ज, सर्व्हिस चार्ज. क्रियापद म्हणून मात्र तो सगळीकडे खपतो: ‘ही चार्ज्ड मी एटी रुपीज’. त्यात ‘फ्रॉम मी’ घुसवू नका. ते आपलं ‘माझ्याकडून’ आहे. पैसे कशाचे, हे सांगायला ‘फॉर’.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ एकच ना? (नौपाडा)
अगदी उलट! ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ म्हणजे वॉर्ड नर्सच्या हाताखाली. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे मूल नर्सच्या देखरेखीखाली. एवढासा ‘द’ आला की साहेबकी गेली.

बातम्यांचं भाषांतर करतो. ‘चार्ज्ड’ला ‘आरोप केला’ लिहू का? (ऐरोली)
नको. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेला आरोप म्हणजे ‘अक्यूज’, त्यापुढे ‘ऑफ’. ‘चार्ज’ कायदेशीर, त्यापुढे ‘विथ’: ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. मराठीत ‘आरोप ठेवला’ लिहा. पण आधी बातमी कुठली ते बघा. आपल्याकडे गुन्हा दाखल होतो, तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र देतात आणि आरोप निश्चित करतं ते न्यायालय. इंग्लंडमध्ये ‘चार्ज’ पोलीस ठाण्यातच लागू शकतो. नुसता गुन्हा दाखल झालेल्याला ‘चार्ज्ड’ म्हटलं, तर बातमी दोन पायऱ्या पुढे उडी मारते.

‘मदर गॉट डिस्चार्ज’ बरोबर? (कळवा)
‘मदर वॉज डिस्चार्ज्ड’ म्हणा. डॉक्टरांच्या भाषेत ‘डिस्चार्ज’ म्हणजे स्रावसुद्धा, त्यामुळे भलताच अर्थ निघेल.

बंदरात कामाला आहे. एका शब्दाला इतके अर्थ कुठून चिकटले? (उलवे)
तुम्ही रोज हाताळता तो ‘कार्गो’ याचाच भाऊबंद. लॅटिनमध्ये ‘कारस’ म्हणजे गाडा, त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यात माल भरणं. फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ आला, स्पॅनिशमार्गे ‘कार्गो’. मग ओझं कशाचंही असो: गिऱ्हाइकावर बिलाचं, अधिकाऱ्यावर कामाचं, आरोपीवर गुन्ह्याचं. बंदुकीत दारू भरणं आणि बॅटरीत वीज भरणं, दोन्ही ‘चार्ज’च. लाठीचार्जमधला अर्थ तेवढा चाल करून जाण्याचा. तिथे ‘ॲट’ लावता येतो: ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम’. तो ‘ॲट’ गाळलात तरी इंग्रजी चुकत नाही, पण बैलाने त्याच्याकडून पैसे घेतले असं वाचणारेही भेटतील.