‘विदेश नीती’ कशाला? परराष्ट्र धोरण म्हणा!

राजारामपुरीतल्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे. ‘सेंटर-लेफ्ट सरकारची विदेश नीती : आव्हानं आणि शिफारशी’ असं व्याख्यान द्यायचंय, तर ‘सेंटर-लेफ्ट’ला मराठीत काय म्हणावं?

‘मध्यममार्गी डावे’ म्हणा. डावे-उजवे हे १७८९ च्या फ्रेंच सभेतल्या बसण्यावरून आले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला खटकली ती तुमची ‘विदेश नीती’. बातम्यांत रोज कानावर आदळते आणि डोकं फिरतं. हिंदीत ती शोभते. मराठीत नीती म्हटलं की नीतिमान, अनीती, नीतीनं वागणं हेच आठवतं. यावर हमखास येणारा दाखला म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रालाही, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथालाही, ‘राजनीती’ म्हणतात. अहो, तिथं तो राज्यशास्त्राचा जुना पारिभाषिक शब्द आहे! त्यावरून आज ‘विदेश नीती’ खपवणाऱ्यांनी त्याच बावडेकर अमात्यांचं ते पुस्तक निदान उघडावं. टोपीकर, म्हणजे युरोपातून आलेले गोरे, नुसते व्यापारी नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. वखारीला जागा द्यायचीच वेळ आली तर किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी देऊ नका, आत द्या, असं त्यात बजावलंय. याला मराठी माणूस धोरण म्हणतो, आणि असं वागणाऱ्याला धोरणी.

आता हा धोरण शब्द बघा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तो वाहनाच्या नावांत आहे : ‘यानं युग्यं पत्रं च धोरणम्’. त्याच कोशात घोड्याच्या पाच चाली दिल्यात, त्यातली एक ‘धौरितक’, म्हणजे आपली दुडकी. संस्कृत कोशांत धोरणाचा अर्थही घोड्याची दुडकी चाल असा सापडतो, आणि ‘धोरणी’ म्हणजे न तुटणारी रांग. शेजारी गुजरातीत शाळेची इयत्ता म्हणजे धोरण! कोल्हापुरातल्या जुन्या टांगेवाल्याला विचारा, दुडकीत घोड्याचा पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम उचलला जातो. ताल बसला की जनावर कोसच्या कोस तोडतं. चौखूर उधळलेलं लवकर थकतं. माझं ठाम मत आहे की मराठी धोरण इथूनच आलं, पल्ला ओळखून धरलेली एकसारखी चाल. ‘धुरा’वरून ते काढणाऱ्यांना मधला ‘ओ’ आणि अर्थ दोन्ही समजावून सांगता येत नाहीत. धुरा खांद्यावर घेतात. धोरण कुणी खांद्यावर घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

व्याख्यानात ही व्युत्पत्ती जरूर सांगा, कारण मध्यममार्गी डाव्यांची अडचण नेमकी चालीची आहे. ब्रिटनचा मजूर पक्ष घ्या. २०२४ च्या जाहीरनाम्यात परदेशी मदत, तिजोरीला झेपेल तेव्हा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवर परत नेऊ म्हणाले. जुलैत सत्ता आली. २५ फेब्रुवारी २०२५ ला पंतप्रधान स्टार्मर यांनी संरक्षणखर्च २.५ टक्क्यांवर नेण्यासाठी तीच मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, आणि विकासमंत्री अ‍ॅनेलीज डॉड्स यांनी राजीनामा दिला. रशियाचा धोका खरा, अमेरिकेचा भरवसा कमी झालेला, पैसा तोकडा, सगळं कबूल. पण मदत आणि तोफा यांत आधी कशाला हात लावायचा, हे सत्तेवर येण्यापूर्वीच मतदाराला सांगून ठेवायला हवं होतं. जाहीरनाम्यात होती ती भूमिका. तिला धोरण म्हणू नका. उलट २४ जुलै २०२५ ला भारताशी व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याची बोलणी आधीच्या हुजूर सरकारपासून चालत आली होती. त्याला खुशाल धोरण म्हणा.

शिफारशी हा शब्द बरोबर आहे. फारसी आहे म्हणून त्याला हाकलू नका.