कॅन्सल करणे, बहिष्कार घालणे आणि वाळीत टाकणे

प्रश्न असा आहे: एखाद्याचे बोलणे-वागणे खटकले की लोकांनी मिळून त्याला झिडकारायचे, या ‘कॅन्सल कल्चर’ला कोणी ‘बहिष्कार संस्कृती’ म्हणते, कोणी ‘रद्द संस्कृती’. यातला बरोबर शब्द कोणता? प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी सोबत आपल्या भावाचे म्हणणेही कळवले आहे. त्याच्या मते हा सगळा खुल्या बाजाराचा व्यवहार आहे. माल आवडला नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, तसेच एखादा नट किंवा लेखक नकोसा झाला की लोक त्याला सोडतात. मग ‘बहिष्कार’ असा जड शब्द कशाला?

भावाच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण शब्द कोणता घ्यायचा हे त्यावरच ठरणार आहे.

मराठीत यासाठी तीन प्रयोग आधीपासून आहेत: गिऱ्हाइकाने पाठ फिरवणे, बहिष्कार घालणे आणि वाळीत टाकणे. तिन्हींचे कर्ते कोण असू शकतात ते पाहा. ‘मी त्या हॉटेलात जाणे सोडले’ हे एकट्याचे वाक्य आहे, त्याला कोणाची साथ लागत नाही. ‘मी त्या हॉटेलावर बहिष्कार घातला आहे’ असेही एकटा म्हणू शकतो, पण त्यात कारण चारचौघांत सांगणे आले आणि इतरांनीही यावे ही अपेक्षा आली. ‘मी त्याला वाळीत टाकले’ हे मात्र कानाला अपुरे लागते. वाळीत टाकते ते गाव, ती जात, ती गावकी. एकटा माणूस फार तर अबोला धरील. कर्माकडून पाहिले तरी हाच भेद दिसतो. विलायती कापडावर बहिष्कार घालता येतो, पण कापड वाळीत टाकता येत नाही. वाळीत पडतो तो माणूस, आणि त्याच्यासोबत त्याचे घर.

या ‘वाळीत’चा कोरडे होण्याशी संबंध नाही. जुन्या मराठीत ‘वाळणे’ हे सकर्मक क्रियापद होते, टाकून देणे, बाहेर काढणे या अर्थाचे. तुकोबांच्या विरहिणीत ‘वाळो जन मज’ असे येते, ते याच अर्थाने: लोकांनी मला टाकले तरी चालेल. तिथेही टाकणारे ‘जन’ आहेत, कोणी एक नाही.

बाजाराची उपपत्ती पहिल्या प्रयोगाला अगदी बरोबर लागू पडते. हजार माणसे आपापल्या मनाने, एकमेकांना न विचारता दुकान बदलतात आणि दुकानदाराला संदेश मिळतो. दुसऱ्या प्रयोगालाही ती बऱ्यापैकी लागू पडते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५पासून कृष्णवर्णीय प्रवाशांनी शहराच्या बसमध्ये पाऊल ठेवले नाही. बसच्या उतारूंमध्ये बहुसंख्य तेच होते. ३८१ दिवस लोक चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, आणि बस कंपनीचे उत्पन्न कोसळले. तरीही गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी बसमध्ये वेगवेगळे बसण्याचा, ज्याविरुद्ध हे सारे चालले होते, तो नियम गेला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मधल्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांना बहिष्कारविरोधी कायद्याखाली दंडही झाला. गिऱ्हाइकाची ताकद खरी होती, पण नियम शहराच्या आणि राज्याच्या कायद्याचा होता आणि कंपनीच्या गल्ल्याला तो बदलता येत नव्हता.

तिसऱ्या प्रयोगाशी मात्र बाजाराचे गणित जुळत नाही, आणि का जुळत नाही हे एका अर्थशास्त्रज्ञानेच दाखवून दिले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७६ साली जातीच्या अर्थकारणावर निबंध लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. जातीचे नियम पाळण्यात तोटा असेल, तर स्पर्धेच्या बाजारात नियम मोडणारा फायद्यात जायला हवा आणि नियम आपोआप गळून पडायला हवेत. मग ते टिकतात कसे? त्यांचे उत्तर असे की नियम मोडणाऱ्याला तर टाकतातच, पण त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यालाही टाकतात. त्यामुळे मनातून नियम नको असलेला माणूसही तो पाळतो. प्रत्येकाला शेजाऱ्याचे भय असते आणि शेजाऱ्याला त्याचे. इथे किंमत, गुणवत्ता, आवड यांपैकी काहीच बोलत नाही.

वाळीत टाकण्याचे आपल्याकडचे तपशील आठवले की हे लगेच पटते. ज्याला वाळीत टाकले त्याच्याशी बोलणाऱ्यालाही दंड, त्याच्या लग्नाला गेलेल्यालाही दंड. वाण्याला त्याच्याशी वैर नसते, त्याचे पैसेही चालले असते, पण मीठ देऊन उद्या आपलेच पाणी बंद होईल म्हणून तो देत नाही. हा गिऱ्हाइकाचा कौल म्हणायचा का? विकणारा आणि घेणारा दोघेही राजी असताना तिसऱ्याने दोघांचे हात धरले आहेत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला तो याचसाठी. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि व्यावसायिक संबंध तोडायला लावणे हेही गुन्ह्यात धरले आहे.

आता ‘कॅन्सल’कडे येतो. हा शब्द ‘बहिष्कारा’च्या उलट्या दिशेने चालत आला आहे. ‘बॉयकॉट’ हे मुळात माणसाचे नाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. मजूर कापणीला येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी उत्तरेकडून पन्नासेक माणसे कापणीसाठी आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला फौज ठेवावी लागली. म्हणजे पहिला बॉयकॉट हे शुद्ध वाळीत टाकणे होते. मालाला तो शब्द नंतर लागला. आपल्या ‘बहिष्कारा’चेही तेच झाले. बाहेर काढायचा तो आधी माणूस, मग १९०५च्या वंगभंगानंतर विलायती माल. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार बसला तो या दुसऱ्या अर्थाने. ‘कॅन्सल’ मात्र तिकीट, वर्गणी, कार्यक्रम यांच्यापासून निघून माणसापर्यंत पोचला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या समाजमाध्यमांवरच्या बोलीतून तो पसरला, आणि २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशाने ‘कॅन्सल कल्चर’ला वर्षाचा शब्द ठरवले. भावाला यात बाजार दिसतो तो बहुधा याचमुळे. शब्दच वर्गणीदाराचा आहे. माणूस रद्द करण्याजोगी वर्गणी आहे असे तो गृहीत धरतो, आणि मग पुढचे सारे गिऱ्हाइकी वाटू लागते.

‘बहिष्कार’ शब्द जड वाटतो याचे मला नवल नाही, आणि तो जडच राहावा असे मला मनापासून वाटते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली काढलेल्या सभेचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ सालच्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. काही राजकारण्यांच्या हाती जे हत्यार होते तीच लाखो माणसांच्या अंगावरची जखम होती. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी जी संरक्षणे मागितली, त्यांत सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी होती, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. विहिरीवर पाणी नाही, शेतावर काम नाही, दुकानात धान्य नाही, हे ज्यांनी सोसले त्यांच्या शब्दाने एखाद्या नटाचा सिनेमा न पाहण्याला नाव देताना जरा थांबावे.

मग आजच्या घटनांना काय म्हणायचे? प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारतो: त्या माणसाशी संबंध ठेवणाऱ्यालाही धमकावले जाते आहे का? ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली, तेव्हा कंपनीने दुखावलेल्या भावनांबरोबर आपले कर्मचारी आणि दुकानांतली माणसे यांच्या सुरक्षिततेचेही कारण दिले. दागिना नको म्हणणारे गिऱ्हाईक काउंटरवरच्या मुलीला भीती घालत नाही. ते कारण दिले गेले तिथेच ही गोष्ट बाजाराच्या बाहेर गेली. उलट एखाद्या गायकाची गाणी लोकांनी ऐकणे सोडले, त्याच्या मैफलीची तिकिटे खपली नाहीत, तर तो शुद्ध बाजार आहे. त्याला ‘श्रोत्यांनी पाठ फिरवली’ इतके पुरे.

अजून एक गोष्ट वापरात दिसते. ‘वाळीत टाकणे’ला मराठीत उलट क्रिया आहे: गोतात घेणे, पंक्तीला घेणे. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक आणि इतरांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, झाले. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी चहा घेणाऱ्यांच्या नावांची यादी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवली होती. नावे जाहीर करून गावाला अंगावर घालण्याची रीत तेव्हाही होती. पण त्या ग्रामण्याला परतीची वाट होती, प्रायश्चित्ताची, आणि रानड्यांनी ते १८९२ साली घेतले. ती वाट न्याय्य होती असे मी म्हणत नाही, जातपंचायतींनी तिचा पैसे उकळायला भरपूर वापर केला आहे. तरी शब्दाला जोडी होती. ‘कॅन्सल’ला जोडी नाही. कॅन्सल झालेल्याला परत घेणे याला इंग्रजीतही रुळलेला शब्द नाही.

तेव्हा ताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे. ‘रद्द संस्कृती’ सोडून द्या. रद्द होतो तो ठराव, गाडी, परवाना. माणसाबद्दल ‘त्याला रद्द केले’ असे मराठी माणूस बोलत नाही. प्रवृत्तीचे नाव म्हणून ‘कॅन्सल कल्चर’ तसेच देवनागरीत लिहावे, लोक तेच बोलतात. घटना सांगताना मात्र नेमके क्रियापद निवडावे: प्रेक्षकांनी पाठ फिरवली, संघटनेने बहिष्कार पुकारला, किंवा त्याला आणि त्याची बाजू घेणाऱ्यांना वाळीत टाकले. भावाला सांगा, पहिल्या वाक्यापुरते त्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.